बांधावरची आई संग्रहालयात

धाकटीच्या अंगातून एक हात बाहेर आला होता. कोपरापर्यंत. निळसर, ओला, बोटं उघडी. सुईणीने तो बघितला, मागे सरली आणि हात पदराला पुसत म्हणाली, "ह्ये माज्या हातातलं न्हाय."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. पहाटे तिला मुलगी झाली होती. मुलगी ठीकठाक होती, रडून सगळं घर उठवलं होतं तिने. मुलगी म्हटल्यावर सासूबाईंनी तोंड जरा वाकडं केलं, पण गूळ वाटायला काढला होता. मग सुईण म्हणाली, पोट अजून वरच आहे, आत दुसरं आहे. सासूबाईंचं तोंड सरळ झालं. दुसरा मुलगाच असणार असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्यानंतर सूर्य माडांच्या वर आला तरी काही नाही, आणि मग हा हात.

धाकटी ओरडायची थांबली होती. ती ओरडत होती तोवर मला भीती वाटली नव्हती.

मी म्हटलं, "तालुक्याला नेऊ या. दवाखान्यात."

सासूबाई म्हणाल्या, "आधी आईचं पाणी आणा."

ही आई म्हणजे आमच्या शेताच्या बांधावरचा दगड. पण तो आता बांधावर नव्हता. तो खाडीपलीकडे तालुक्याच्या गावी, संग्रहालयात, कुलपाच्या आत उभा होता आणि त्याला कमरेपासून खाली पडदा गुंडाळलेला होता. हे कसं झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात बांधावरच्या आईला फक्त बायका जायच्या. बाळंतपण अडलं की घरातली मोठी बाई तांब्याभर पाणी घेऊन जायची, दगडावर ओतायची, खाली भांडं धरायची आणि ते पाणी अडलेल्या बाईला पाजायची. बाई सुटली की दगडाला शेंदूर आणि तेल. पिढ्यानपिढ्या इतका शेंदूर चढला होता की आत काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. वरच्या टोकाला चंद्र-सूर्य चाचपडून कळायचे, खाली नुसता तांबडा फुगवटा. त्या फुगवट्याला आम्ही आईची मांडी म्हणायचो. मी स्वतः माझ्या पहिल्या वेळेला ते पाणी प्यालेली आहे. चव खोबरेल तेलाची.

नवाबाचं राज्य गेलं तेव्हा तालुक्याच्या बंदरावरचं जकातीचं नाकंही बंद पडलं. बरीच वर्षं त्यात शेळ्या बसायच्या. मग एका निवृत्त मास्तरांनी ते मागून घेतलं आणि तिथे संग्रहालय काढलं. मास्तरांनी आमच्याकडच्या बहुतेक पुरुषांना शाळेत शिकवलेलं, मारलेलं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते गावोगाव हिंडायचे आणि जुनं काय आहे विचारायचे. लोकांनी अडगळ दिली. गंजलेली तलवार, फुटका हुक्का, नवाब जिच्यावर बसला होता म्हणे ती खुर्ची. नवाब बसला असेल, पण त्याच्यानंतर वाळवी जास्त बसली होती. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा एक मणका होता, तो मात्र बघण्यासारखा. एक तोफेचा गोळा दाराबाहेरच ठेवला होता, कारण आत न्यायला कुणी तयार नव्हतं.

उद्घाटनाला अलिबागहून साहेब आले होते. आम्हीही होडीतून गेलो होतो. माझी चौथी झालेली, त्यामुळे बायकांना पाट्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. एका पाटीवर लिहिलं होतं, 'प्राचीन काळी धान्य दळण्याचे साधन'. खाली जातं. मी त्या दिवशी सकाळी अगदी तसल्याच जात्यावर तांदूळ दळून निघाले होते. दुसरीवर 'पूर्वीच्या लोकांचे धान्य मापण्याचे माप'. ती पायली, आणि तिच्यापेक्षा आमच्या घरची जास्त जुनी होती. धाकटी म्हणाली, "वैनी, आपल्याला पण हितंच हुबं करतील, चला लवकर."

आमचा दगड तिथे आला तो सासऱ्यांमुळे. कूळकायद्यात ते शेत नुकतंच आमच्या नावावर झालं होतं आणि मामंजी बांधावरून छाती काढून चालायचे. तेवढ्यात मास्तर आले. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन त्यांनी दगड घासायला घेतला. बायका शेताच्या कडेला उभ्या राहून शिव्या देत होत्या. शेंदराची खपली निघाली आणि आतलं चित्र बाहेर आलं. एक गाढव होतं, आणि गाढवाच्या खाली एक बाई. ते काय करत होतं ते शेतकऱ्याच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

शिव्या थांबल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "गाय हाय ती." दुसरी म्हणाली, "वासराला पाजतेय." सासूबाईंनी नुसता पदर डोळ्यांवर ओढला, पण पदराच्या कडेखालून बघत होत्या.

मास्तरांनी मामंजींना सांगितलं की हा गधेगाळ आहे. जुन्या राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवायचा. ही जमीन जो कुणी हिरावून घेईल त्याच्या आईवर गाढव चढो, असा त्याचा शाप. मी भाकऱ्या घेऊन गेले होते, तेव्हा ऐकलं. मला एवढंच कळलं की जमीन खाणार पुरुष आणि गाढव झेलायचं बाईने. राजे लोकसुद्धा आमच्या गावच्या पुरुषांसारखेच होते म्हणायचे.

मामंजी मात्र पांढरे पडले. जमीन नुकती नावावर झालेली, आणि बांधावर असला शाप लिहून ठेवलेला. त्यांची आई वारून जमाना झाला होता, तरी त्यांना तिची काळजी लागली. ते म्हणाले, "मास्तर, आजच्या आज घेऊन जा." वर पाटीवर 'यांच्या सौजन्याने' म्हणून आपलं नाव घालायला सांगायला विसरले नाहीत.

उद्घाटनाला बायाबापड्या येणार म्हणून मास्तरांनी दगडाच्या खालच्या भागाला हिरवा पडदा गुंडाळला. त्यामुळे आई परकर नेसल्यासारखी दिसायची. पुरुष तो पडदा उचलून बघायचे आणि मास्तर त्यांना छडीने हुसकायचे.

सासूबाई त्या दिवसापासून मामंजींशी बोलत नव्हत्या. काही सांगायचं असलं तर माझ्याकडे बघून म्हणायच्या, "त्यांना सांग, भात झालाय." मामंजी समोर पाटावर बसलेले असायचे.

आता पुन्हा त्या सकाळकडे येते.

घरात पुरुष एकच, मामंजी. माझे मालक आणि दीर दोघेही मुंबईला गोदीत. मामंजी ओटीवर बसून होते. अडलेल्या सुनेचं नाव काढलं की बायकोची नजर आपल्यावर येणार हे त्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "आत्याबाय, पाणी आणायला माणूस जाईल कधी, येईल कधी. तोवर ही ऱ्हायची न्हाय. डॉक्टरकडं नेऊ."

"दवाखान्यात गेलेली बाई परत आलेली मी बघितली न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या आळीतली गेली, ती मेली. खोताकडची गेली, ती मेली."

हे खरं होतं. आमच्याकडे बाई मरायला टेकली की मगच तिला दवाखान्यात न्यायचे, त्यामुळे त्या मरायच्याच. पण हे सासूबाईंना पटवत बसायला वेळ नव्हता. धाकटीचे ओठ पांढरे पडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, नुसती बघत होती.

मग मी म्हटलं, "आई तिकडं तालुक्याला जाऊन बसलीय. आपण हितं बसून तिला बोलवायचं, त्यापरीस आपणच हिला तिच्या दारात नेलं तर?"

सासूबाई अडाणी होत्या, मूर्ख नव्हत्या. संग्रहालयाच्या दारापासून दवाखान्याचं कौलारू छप्पर दिसतं हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"आधी आई," त्या म्हणाल्या.

"आधी आई," मी म्हटलं.

"मंग उठा की. बसलाय काय सगळ्या?"

खालच्या मोहल्ल्यातल्या चाचांचा मचवा होता. तालुक्याला सुपारी आणि नारळ त्यांच्याच मचव्यातून जायचे. मामंजी धावत गेले, उपयोगाला आले असं ते त्या दिवशी पहिल्यांदाच. चाचा अंगात बंडी घालत घालत आले आणि खाडीकडे बघून म्हणाले, "पानी उतरतंय, बाय. आता निघालो तं निघालो, नायतर मधी चिखलात बसून ऱ्हाऊ." त्यांच्यामागून त्यांची सूनही आली, कडेवरच्या पोराला पाजत. ती काही न विचारता आत आली आणि पहाटेची मुलगी उचलून दुसऱ्या बाजूला लावली. सासूबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या. त्यांनी बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यावर तो प्रश्न मिटला.

धाकटीला बाजेसकट मचव्यात ठेवली. बाहेर आलेल्या हातावर मी धुतलेलं लुगडं गुंडाळलं. खाडीत वारा पडला होता, म्हणून चाचा आणि मामंजी वल्ही मारत होते. मामंजींना वल्हं मारायची सवय नव्हती, मचवा सारखा एका अंगाला जायचा.

चाचा म्हणाले, "बुवा, तुमी नुस्तं बसा. ती बाय मरायची ती मरंल, तुमच्यापायी आपन सगळी दर्याला लागू."

मामंजींनी वल्हं ठेवलं. ते मी घेतलं.

"ह्यांना सांग," सासूबाई मला म्हणाल्या, "आई हितनं नेली नसती तर ह्यो परवास करायला लागला नसता."

"मामंजी, आई नेली नसती तर..." मी सुरू केलं.

"ऐकलं," मामंजी म्हणाले.

धाकटीने तेवढ्यात डोळे उघडले आणि म्हणाली, "भांडू नका गो." मग पुन्हा मिटले.

बंदराला पोचलो तेव्हा पाणी पार ओसरलं होतं. मचवा लांब चिखलात अडकला. बाज चौघांनी उचलली. चाचा, मामंजी आणि बंदरावरचे दोन हमाल. चिखल मांडीपर्यंत. सासूबाई लुगडं वर खोचून त्यांच्या पुढे चालत होत्या आणि लोकांना बाजूला व्हायला सांगत होत्या. त्या वयात एवढ्या लोकांसमोर त्यांच्या पोटऱ्या पहिल्यांदाच दिसल्या असतील.

संग्रहालयाला कुलूप होतं. दुपारी मास्तर जेवून झोपायचे.

मी म्हटलं, "आता दवाखाना."

"आधी आई," सासूबाई म्हणाल्या आणि बाजेच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. हमालांनी बाज खाली ठेवली.

त्या वेळी मामंजींनी जे केलं ते मी त्यांच्या बाजूने सांगते, कारण त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही. त्यांनी दाराबाहेरचा तोफेचा गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि कुलपावर घातला. कुलूप तुटलं नाही, पण कडी चौकटीतून निघून आली. ते लाकूडही वाळवीने खाल्लेलं होतं.

बाज आत गेली आणि मी दवाखान्याकडे पळाले. डॉक्टर तरुण होते, घाटावरचे, नुकते बदलून आलेले. जेवत होते. मी दारातूनच सांगितलं, हात बाहेर आलाय.

ते हात न धुता उठले. "पेशंट कुठे आहे?"

"अजबखान्यात."

"तिथे कशाला?"

"देवी तिथं हाय."

त्यांनी एक शिवी दिली. शिकलेल्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिली शिवी. उच्चार अगदी शुद्ध होता.

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाईंनी आईचा परकर ओढून काढला होता आणि काचेच्या कपाटातला एक तांब्याचा लोटा घेऊन दगडावर पाणी ओतत होत्या. त्या लोट्यावरही पाटी होती, ती त्यांनी आधी काढून व्यवस्थित बाजूला ठेवली होती. डॉक्टरांनी एकदा दगडाकडे बघितलं, एकदा गाढवाकडे, आणि मग धाकटीच्या जवळ बसले. पोटावर हात ठेवला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"इथून हलवायची नाही. आत फाटलं तर रस्त्यातच जाईल." त्यांनी मधल्या लांब टेबलावरून आडवा हात फिरवला. तलवार, हुक्का, नवाबाचे शिक्के, देवमाशाचा मणका, सगळं जमिनीवर. "हिला वर घ्या."

तेवढ्यात मास्तर दारात आले. कुणीतरी त्यांना उठवलं होतं. धोतर अर्धवट सुटलेलं. "वस्तूंना हात लावू नये असं लिहिलेलं आहे," ते म्हणाले. मग टेबलावर काय आहे ते त्यांना दिसलं.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "माझ्या कंपाउंडरला पाठवा आणि पाणी उकळून आणा. भरपूर."

मास्तर गेले. त्यांना असं आज्ञा करून कुणी पाठवल्याला बरीच वर्षं झाली असतील. पाणी मात्र त्यांनी वेळेवर आणलं.

सासूबाई लोट्यातलं पाणी घेऊन धाकटीच्या डोक्याशी आल्या. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "तोंडात काही घालायचं नाही. मी हिला भूल देणार आहे. पोटात पाणी गेलं आणि उलटी झाली तर गुदमरून मरेल."

"ह्ये आईचं हाय."

"कुणाचंही असू दे."

"पाण्याबिगर न्हाय सुटायची ती."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आधी आई, असा शब्द मीच दिला होता. धाकटीची छाती वरखाली होत होती ती आता दिसेनाशी झाली होती. कंपाउंडर बाटली आणि कापड घेऊन उभा. सासूबाईंनी डॉक्टरांनी धरलेला हात सोडवून घेतला नाही. तशाच उभ्या राहून त्या विचार करत होत्या. घरात कुठलाही विचार त्या इतक्या वेळ करत नसत.

मग त्या म्हणाल्या, "एका घरच्याच आम्ही. तिचं मी पिते." आणि दुसऱ्या हाताने लोटा घेऊन तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्याल्या.

मास्तरांनी आईला रॉकेलने धुतल्यावर वरून व्हार्निश मारलं होतं, दगड चकाकावा म्हणून. हे सासूबाईंना माहीत नव्हतं. त्या लोटा खाली ठेवून शांतपणे बाहेर गेल्या, आणि संग्रहालयाच्या पायरीवर त्यांना ज्या उलट्या झाल्या त्या आत ऐकू येत होत्या. मामंजी त्यांची पाठ चोळायला गेले. त्या त्यांना सरळ म्हणाल्या, "सरा बाजूला." मधे मी नव्हते. इतक्या दिवसांनी त्या त्यांच्याशी बोलल्या, ते एवढंच.

आत मी धाकटीचे पाय धरून होते. डॉक्टरांनी बाही खांद्यापर्यंत वर केली, हात धुतला आणि बाहेर आलेला तो हात पुन्हा आत सारला. मग त्यांचा हात कोपराच्या वर आत गेला. गायीच्या वेळेला मी हे बघितलेलं होतं, बाईच्या वेळेला कधी नाही. दुसऱ्या हाताने ते बाहेरून पोट ढकलत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून तिच्या पोटावर पडत होता. "पाय सापडला," ते एकदा म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. मग ओढलं. आधी एक पाय आला, मग दुसरा, आणि मग बाकीचं सगळं एकदम.

मुलगा होता. डॉक्टरांनी त्याला उलटा धरला, पाठीत चापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकलं. बराच वेळ. मास्तर पाण्याचं भांडं घेऊन दारातच उभे होते. शेवटी डॉक्टरांनी मूल माझ्या लुगड्यावर ठेवलं आणि धाकटीचं रक्त थांबवायला वळले. ते पुष्कळ होतं. टेबलावरून जमिनीवर येऊन त्यात तलवार भिजली. त्यांनी धाकटीच्या पोटावर मुठी दाबल्या, सुई दिली, कापडं कोंबली, पुन्हा दाबलं. हळूहळू ते थांबलं.

मुलाला मामंजींनी पंच्यात गुंडाळून नेलं आणि बंदराच्या पुढे केतकीच्या बनात पुरलं. चाचा फावडं घेऊन सोबत गेले.

धाकटीला संध्याकाळी दवाखान्यात हलवली. तिला ताप भरला, तो बरेच दिवस उतरला नाही. मी तिथेच राहिले. मुलगी चाचांच्या सुनेच्या अंगावर पीत होती. मास्तर एकदा बघायला आले, खाली बघून म्हणाले, "बरी आहे ना?" आणि कडी दुरुस्त करायला सुतार कुठे मिळेल ते विचारून गेले. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या की पाणी त्या प्याल्या म्हणून सून सुटली. डॉक्टरांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणू दे." मला कुणी विचारलं नाही, आणि मला त्यात काही म्हणायचंही नव्हतं. मला झोप पाहिजे होती.

धाकटी जगली. पहाटेची मुलगी जगली. मुलगा जगला नाही.